हॉटेलचा लॉयल्टी प्रोग्राम बदलावा का? उत्तर तुमच्या जुन्या बिलांत आहे

नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री साडेदहाला एका सहकारी मैत्रिणीचा फोन आला, हॉटेलच्या खोलीतून. वर्षातली तिची ही हॉटेलातली ४७वी रात्र. "पुढच्या वर्षी माझं काम दुसऱ्या शहरात आहे," ती म्हणाली. "तिथे माझ्या हॉटेल-साखळीचं एकच हॉटेल, तेही ऑफिसपासून पाऊण तासावर. दुसऱ्या साखळीची दोन आहेत, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. पण इतकी वर्षं मी इथे रात्री घातल्यात गं. आता सोडू कशी?"

महिन्यातले आठ-दहा दिवस बॅग घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. उत्तर शोधायला लोक बहुधा चुकीच्या जागी जातात. दोन प्रोग्रामच्या सोयींचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवतात आणि कोणता चांगला ते ठरवायला बसतात. पण तक्त्यातल्या सोयी कंपनीने सगळ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यातल्या तुमच्या वाट्याला किती येतात हे तुमच्या मागच्या वर्षाच्या बिलांत दिसतं, आणि पुढे किती येतील हे पुढच्या वर्षाच्या प्रवासावर ठरतं. आजवर घातलेल्या रात्रींना या हिशोबात फारच थोडी जागा आहे. ती नेमकी कुठे आहे, तेही पुढे सांगते.

आधी हे प्रोग्राम मुळात काय आहेत ते नीट समजून घेऊ, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

१९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियमित प्रवाशांसाठी अ‍ॅडव्हांटेज नावाची योजना काढली. दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तीच कल्पना हॉटेलांत आणली. आज मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स, वर्ल्ड ऑफ हायॅट, आयएचजी वन रिवॉर्ड्स आणि अ‍ॅकॉरचा ऑल ही त्यातली मोठी नावं. सगळ्यांचा सांगाडा सारखाच. तुम्ही राहता, पैसे भरता, त्या बदल्यात तुम्हाला दोन गोष्टी मिळतात: पॉइंट्स आणि स्टेटस.

या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवायलाच हव्यात. पॉइंट्स हे साखळीचं स्वतःचं चलन. ते खात्यात पडून राहतं आणि त्यातून पुढे फुकट रात्री घेता येतात. स्टेटस म्हणजे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशी पायरी. ती रात्रींच्या आकड्यावर मिळते आणि तिची मुदत संपली की जाते. साखळी बदलली म्हणून पॉइंट्स कुठे जात नाहीत, ते जुन्या खात्यातच राहतात. गमावण्याची भीती असते ती स्टेटसची. "इतकं सगळं सोडून जायचं" असं जेव्हा वाटतं, तेव्हा त्या "सगळ्यात" नक्की काय काय आहे ते कागदावर लिहून बघा. ओझं निम्मं हलकं होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. हॉटेलवर ज्या कंपनीची पाटी असते, तिच्या मालकीचं ते हॉटेल बहुतेक वेळा नसतं. इमारत कुणा गुंतवणूकदाराची. नाव, बुकिंगची यंत्रणा आणि लॉयल्टी प्रोग्राम कंपनीचा. तुम्ही सभासद म्हणून राहिलात की त्या मुक्कामापोटी मालक कंपनीला एक रक्कम देतो, आणि तुम्ही पॉइंट्सवर फुकट राहिलात की कंपनी मालकाला भरपाई देते. ही भरपाई बऱ्याचदा हॉटेल किती भरलेलं आहे यावर ठरते. अर्धं रिकामं असेल तर थोडकी, जवळपास भरलेलं असेल तर बरीच जास्त.

एकाच कार्डावर एका हॉटेलात मोठी खोली मिळते आणि दुसऱ्या हॉटेलात "सॉरी, आज शक्य नाही" ऐकावं लागतं, त्याचं कारण इथे आहे. वचन कंपनी देते आणि पाळायचं असतं मालकाला, त्याच्या खिशातून. म्हणून अटींमध्ये "उपलब्धतेनुसार" हा शब्द कुठे आहे आणि कुठे नाही, हे वाचणं मला पॉइंट्स मोजण्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. उदाहरणार्थ उशिरा खोली सोडण्याची सोय घ्या. मॅरियटमध्ये प्लॅटिनमला आणि हायॅटमध्ये ग्लोबलिस्टला, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या पायरीला, दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते आणि रिसॉर्टसारखे अपवाद सोडले तर ती हमी असते. हिल्टनमध्ये डायमंडलाही ती उपलब्धतेवर अवलंबून. ज्याची मीटिंग दुपारी दोनला संपते आणि विमान रात्रीचं आहे, त्याच्यासाठी या एका ओळीत सगळा निर्णय असू शकतो.

नाश्त्याचंही तसंच. "मोफत नाश्ता" हे शब्द सगळीकडे दिसतात, पण अर्थ ठिकाणागणिक बदलतो. हायॅटच्या ग्लोबलिस्टला पूर्ण नाश्ता मिळतो. हिल्टनमध्ये गोल्डपासूनच नाश्ता सुरू होतो, मात्र अमेरिकेतल्या बऱ्याच हॉटेलांत २०२१ पासून त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम खात्यात जमा होते. आयएचजीमध्ये तो वरच्या डायमंड पायरीवर. मॅरियटमध्ये प्लॅटिनमला मिळतो, पण कोणत्या ब्रँडचं हॉटेल आहे त्यावर. रिट्झ-कार्लटन त्याच कंपनीचं असूनही प्लॅटिनमचा मोफत नाश्ता तिथे लागू नाही. एका साखळीतून दुसरीत जाणारा माणूस "तिथेही नाश्ता आहेच की" असं धरून चालतो आणि पहिल्याच सकाळी त्याचा हिरमोड होतो.

आता बिलांकडे येते.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच पेचात होते. एका साखळीत सलग तिसरं वर्ष वरची पायरी होती आणि ती सोडायचा विचारही नकोसा वाटत होता. डिसेंबरच्या एका रविवारी वर्षभराची सगळी बिलं काढून बसले. वहीत उभे रकाने आखले: नाश्ता, लाउंज (स्टेटसवाल्यांसाठीची बसण्या-खाण्याची खोली), अपग्रेड, उशिरा चेकआउट. एकेक बिल हातात घ्यायचं, तो मुक्काम आठवायचा आणि जे खरोखर वापरलं त्यावर खूण करायची. एकूण ५२ रात्री होत्या. नाश्त्याच्या रकान्यात १९ खुणा झाल्या. बाकीच्या ३३ सकाळी मी पावणेसहाला बाहेर पडले होते. नाश्त्याच्या हॉलमध्ये तेव्हा खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असायच्या आणि कॉफी मशीनचा लाल दिवा नुसता लुकलुकत असायचा. लाउंजच्या रकान्यात ६ खुणा. खऱ्या अर्थाने मोठी खोली ३ वेळा, त्यातल्या दोनदा मी रात्री अकरानंतर पोचले आणि सकाळी सहाला निघाले. उशिरा चेकआउट हवं होतं ४ वेळा, मिळालं २ वेळा.

त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. ज्या पायरीसाठी मी कधी कधी वीस मिनिटं लांबचं हॉटेल घेत होते, तिच्यातलं माझ्या हातात आलेलं एवढंच होतं. खरं मोलाचं काही असेल तर त्या १९ सकाळी.

हा हिशोब तुम्हीही करा. प्रत्येक खुणेला किंमत लावायची, पण मेन्यूकार्डावरची नाही. ती सोय फुकट मिळाली नसती तर तुम्ही खिशातून किती दिले असते, ती किंमत. हॉटेलचा बुफे महागडा असतो, पण तुम्ही एरवी कोपऱ्यावर कॉफी आणि सँडविच घेऊन भागवणार असाल तर तुमच्यासाठी त्याचं मोल त्या कॉफी-सँडविचएवढंच. न मागता मिळालेल्या मोठ्या खोलीत नुसतं झोपून उठलात तर तिचं मोल जवळपास शून्य. मुलाबाळांना घेऊन तीन दिवस राहिलात तर तीच खोली सोन्यासारखी.

पॉइंट्सचं गणित त्यामानाने सरळ आहे, पण त्यात एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं: इथे एका डॉलरला १० पॉइंट्स, तिथे ५. साहजिकच दहा बरे वाटतात. पण दोन वेगवेगळ्या देशांच्या नोटांचे आकडे आपण असे थेट ताडून बघत नाही, मग पॉइंट्सचे का बघायचे? आधी पॉइंटची किंमत काढा. तुम्ही नेहमी राहता तसं एखादं हॉटेल आणि खरी तारीख घ्या. रोख भाडं, करांसकट, आणि त्याच रात्रीला लागणारे पॉइंट्स लिहून काढा. भागाकार केला की पॉइंटची किंमत हातात.

समजा पहिल्या साखळीत २४० डॉलरच्या खोलीला ४०,००० पॉइंट्स लागतात. म्हणजे एका पॉइंटला ०.६ सेंट. दुसऱ्या साखळीत तशाच २४० डॉलरच्या खोलीला १५,००० लागतात. म्हणजे १.६ सेंट. आता कमाई बघा. पहिलीत डॉलरला १० पॉइंट्स आणि तुमच्या पायरीचा ५० टक्के बोनस, एकूण १५. त्यांची किंमत ९ सेंट. दुसरीत डॉलरला ५ आणि सर्वात वरच्या पायरीचा ३० टक्के बोनस, एकूण साडेसहा. त्यांची किंमत १०.४ सेंट. अर्ध्या पॉइंट्सवाली साखळी पुढे निघाली!

पण इथे थांबू नका. वर्षाला ५० रात्री, सरासरी भाडं कर सोडून १५० डॉलर, म्हणजे ७,५०० डॉलरचा खर्च धरा. पहिल्या साखळीत वर्षाचे पॉइंट्स साधारण ६७५ डॉलरचे होतात. दुसरीत वरच्या पायरीवर ७८० डॉलरचे, आणि अगदी नवखे असताना, बोनसशिवाय, ६०० डॉलरचे. म्हणजे बदलाच्या पहिल्या वर्षी फार तर ७५ डॉलरचा तोटा आणि पुढे वर्षाला १०५ डॉलरचा फायदा. पन्नास रात्रींच्या मानाने हे चिल्लर आहे. आकडे तुमचे स्वतःचे घाला, पण मोठ्या साखळ्यांत बहुतेकदा असंच निघतं: नुसत्या पॉइंट्सच्या जोरावर निर्णय फिरत नाही. तो फिरतो हॉटेल कामाच्या किती जवळ आहे यावर आणि त्या रकान्यांतल्या खुणांवर.

म्हणूनच मैत्रिणीला मी सगळ्यात आधी नकाशा उघडायला सांगितला. पुढच्या वर्षी नक्की कुठे जायचंय, किती वेळा, आणि तिथे कोणत्या साखळीची हॉटेलं आहेत. मॅरियटच्या छत्राखाली जगभर ९,००० हून जास्त हॉटेलं आहेत, हिल्टनकडे ८,००० हून जास्त, आयएचजीकडे ६,००० हून जास्त. हायॅट या सगळ्यांत लहान. पण जगभरात किती आहेत याचा तुम्हाला उपयोग काय? तुमच्या चार शहरांत किती आहेत ते मोजा. तिचं ते एकुलतं हॉटेल पाऊण तासावर होतं. जायला-यायला रोजचा दीड तास, वर्षातून चाळीसेक दिवस. साठ तास होतात. कुठल्याही लाउंजमधल्या संध्याकाळीने ते भरून निघत नाहीत.

स्टेटससाठी किती रात्री लागतात तेही नकाशाच्या जोडीने बघायचं. मॅरियटची प्लॅटिनम ५० रात्रींना, हायॅटची ग्लोबलिस्ट ६० ना, आयएचजीची प्लॅटिनम ४० ना आणि डायमंड ७० ना. तुमच्या वर्षात खात्रीच्या किती रात्री आहेत? वीस-पंचवीसच असतील आणि त्याही तीन ठिकाणी विखुरलेल्या, तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. अशा प्रवाशाला माझं सांगणं स्पष्ट आहे: कुठल्याच साखळीला बांधून घेऊ नका. सगळीकडे फुकट सभासद व्हा, पॉइंट्स येतील ते येऊ द्या, आणि दर वेळी जवळचं, स्वच्छ, परवडणारं हॉटेल घ्या. याउलट शंभरच्या वर रात्री असतील तर दोन साखळ्या सांभाळता येतात. अडचण मधल्यांची, चाळीस ते सत्तर रात्रीवाल्यांची. त्यांना एकच काही निवडावं लागतं.

बुकिंग कुठून होतं हेही इथेच तपासून घ्या. हॉटेलं बुक करणाऱ्या त्रयस्थ वेबसाइटवरून खोली घेतली तर साधारणपणे पॉइंट्सही मिळत नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. तुमच्या कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क बुकिंग कशातून करतं, हे न विचारता साखळी बदलली आणि पहिल्या दोन महिन्यांत एकही रात्र जमा झाली नाही, असं घडलेलं मी पाहिलं आहे.

आता मागे घातलेल्या रात्री. त्या परत येत नाहीत. राहिलात, झोपलात, काम केलंत, व्यवहार पूर्ण झाला. त्यातून मिळालेलं स्टेटस मुदतीपर्यंत तुमचं आहे, पण त्या रात्रींचं तुम्ही काही देणं लागत नाही. "इतकं घातलंय" हे पुढेही तिथेच घालत राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

याला एकच मोठा अपवाद आहे: आयुष्यभराचं स्टेटस. मॅरियटमध्ये एकूण ६०० रात्री आणि प्लॅटिनम किंवा त्यावरच्या पायरीची १० वर्षं पुरी झाली की प्लॅटिनम कायमची तुमची. हायॅटमध्ये दहा लाख मूळ, म्हणजे बोनस सोडून, पॉइंट्स जमले की ग्लोबलिस्ट आजन्म. डॉलरला ५ या हिशोबाने तो २ लाख डॉलरचा खर्च झाला, म्हणजे फार थोड्यांचा पल्ला. पण कुणी ५४० रात्री आणि नऊ वर्षांवर उभं असेल तर त्याने हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. एक वर्ष अजून काढावं, मग हवं तिथे जावं. मागच्या रात्रींना खरी किंमत आहे ती इथे.

बदलायचं ठरलं तर कधी बदलायचं, हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण नेमका तिथे हिशोब सोडून भावनेने वागलं जातं. बहुतेक प्रोग्राममध्ये रात्री जानेवारी ते डिसेंबर अशा मोजतात. पण मिळालेलं स्टेटस त्या वर्षाबरोबर संपत नाही, पुढचं सगळं वर्ष चालतं. हायॅटचं उदाहरण घ्या: २०२५ मध्ये कमावलेली पायरी फेब्रुवारी २०२७ अखेरपर्यंत टिकते. इतरांचंही थोड्याफार फरकाने असंच. याचा अर्थ असा की डिसेंबरात पायरी पक्की झाली की पुढचं पूर्ण वर्ष तुम्ही मोकळे. जुन्या साखळीत एकही रात्र न घालता तिथलं स्टेटस वर्षभर हाताशी राहतं आणि सगळ्या नव्या रात्री दुसरीकडे जमवता येतात. नाहीच पटलं तर परतीची वाट उघडी. जून-जुलैमध्ये रागाच्या भरात साखळी सोडणारा मात्र दोन्हीकडे अर्धवट राहतो: इथे तीस, तिथे पंचवीस, आणि वर्षाअखेरीला हातात दोन मधल्या पायऱ्या.

दुसरा आधार स्टेटस मॅचचा. एका साखळीतलं तुमचं स्टेटस दाखवलं की दुसरी साखळी तुम्हाला तात्पुरतं त्याच तोडीचं स्टेटस देते, बहुधा ९० दिवसांसाठी, आणि त्या मुदतीत ठरावीक रात्री राहिलात तर ते पुढेही चालू ठेवते. त्यालाच चॅलेंज म्हणतात. अशा सवलती सगळ्या साखळ्या सतत चालू ठेवत नाहीत आणि एकदा घेतली की पुन्हा बरीच वर्षं मिळत नाही. म्हणून उगाच उत्साहात अर्ज टाकू नका. आधी कॅलेंडर बघा. ज्या तीन महिन्यांत तुमचा प्रवास सर्वात दाट आहे, त्यांच्या अगदी तोंडावर अर्ज करा. खात्याच्या पानाचा, नाव आणि मुदत दिसेल असा स्क्रीनशॉट आणि अलीकडच्या मुक्कामांची दोन-तीन बिलं जवळ ठेवा, बहुधा तीच मागतात.

एक धोका मात्र नव्या साखळीतही तितकाच आहे, आणि तो मान्य करूनच जायला हवं: नियम बदलतात. स्टारवुड या हॉटेल कंपनीचा एसपीजी हा प्रोग्राम अनेक प्रवाशांना जीव की प्राण होता. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतलं, २०१८ मध्ये दोन्ही प्रोग्राम एक झाले आणि २०१९ पासून त्याला बॉनव्हॉय हे नाव आलं. कोणत्या हॉटेलला किती पॉइंट्स लागतील याचा ठरलेला तक्ता हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये काढून टाकला. तिथे आता भाड्यासारखे पॉइंट्सही रोज वर-खाली होतात. हायॅटने तक्ता ठेवला, पण त्यातही गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या दिवसांचे दर वेगळे केले. हॉटेलंसुद्धा घर बदलतात. स्मॉल लक्झरी हॉटेल्सचा समूह हायॅटसोबत होता, २०२४ मध्ये तो हिल्टनकडे गेला. लास व्हेगासची एमजीएमची हॉटेलं हायॅट सोडून मॅरियटशी जोडली गेली. खोली तीच, पलंग तोच, पॉइंट्सचं खातं मात्र दुसरं.

यावरून मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली आहे. पॉइंट्स साठवत बसायचं नाही. त्यावर व्याज मिळत नाही आणि त्यांची किंमत कंपनी एका ईमेलने कमी करू शकते. पुढच्या वर्षभरात जेवढे लागतील तेवढे ठेवायचे, बाकीचे वापरून टाकायचे.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खोलीचे पैसे कंपनी भरत असेल तर पॉइंट्स तुमचे आणि खर्च दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. दोन हॉटेलं सारख्या भाड्याची असताना आपल्या साखळीचं निवडणं योग्यच. पण पन्नासावी रात्र गाठायला महागडं हॉटेल घेणं, किंवा एका दिवसात उरकणारं काम दोन दिवसांवर नेणं, हे चूक आहे. पायरीचा मोह इतका हळूहळू चढतो की हे आपल्याकडून होतंय याचा पत्ता लागत नाही. बिलांची वही काढाल तेव्हा त्यासाठीही एक रकाना ठेवा: ही रात्र कामासाठी होती की आकड्यासाठी?

जाण्याआधी जुन्या खात्याची निरवानिरव राहते. पॉइंट्सची मुदत तपासा. मॅरियट, हिल्टन आणि हायॅटमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर ते बाद होतात. आयएचजीमध्ये साध्या सभासदांसाठी १२ महिने, स्टेटसवाल्यांचे बाद होत नाहीत. पण स्टेटस गेलं की तुम्हीही साधे सभासदच, हे ध्यानात असू द्या. अ‍ॅकॉरमध्ये ही मुदत ३६५ दिवसांची. एखादा छोटा मुक्काम किंवा थोडेसे पॉइंट्स मिळवून देणारी खरेदीही घड्याळ पुन्हा सुरू करायला बहुधा पुरते. पॉइंट्सवर सुट्टी घ्यायची असेल तर मॅरियटमध्ये सलग पाच रात्रींना चारचेच पॉइंट्स लागतात, हिल्टनमध्येही सिल्व्हरपासून पुढे पाचवी रात्र पॉइंट्सविना मिळते. शिल्लक संपवायला याहून चांगला मार्ग नाही. आणि स्टेटस अजून जिवंत असतानाच ती सुट्टी घ्या, म्हणजे नाश्ता आणि उशिरा चेकआउट दोन्ही पदरात पडतील.

मैत्रिणीच्या डिसेंबरच्या वेळापत्रकात कामाच्या तीन रात्री आधीच ठरलेल्या होत्या. त्या तिने जुन्या साखळीत काढल्या, पन्नास पुऱ्या झाल्या, पायरी पुढच्या वर्षासाठी पक्की झाली. जानेवारीत नव्या शहरात ती चालत जाण्याच्या हॉटेलात साधी सभासद म्हणून राहिली. नाश्ता नाही, लाउंज नाही, लिफ्टजवळची खोली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिने स्टेटस मॅचचा अर्ज केला, कारण मार्च ते मे हे तिचे सर्वात धावपळीचे महिने. जुन्या खात्यातल्या पॉइंट्सवर ऑक्टोबरात आई-वडिलांना घेऊन पाच रात्री जायचं बुकिंगही करून टाकलं.

मार्चमध्ये तिचा पुन्हा फोन आला, या वेळी संध्याकाळी सव्वासहाला. ऑफिसातून निघून ती खोलीवर पोचलीसुद्धा होती.